दोन नवे, दोन जुने

पंखा लावायचा तर पाचवर, शेगडी पेटवायची तर मोठ्या आचेवर, आणि नळ सोडायचा तर असा की बादलीने धसका घ्यावा. मधला आकडा या बाईला माहीतच नव्हता. लग्नाच्या पहिल्याच वर्षी नवऱ्याने तिचं नाव ‘पाचवर’ ठेवलं. ते जीपच्या थांब्यावरच्या ड्रायव्हरांनी उचललं आणि पुढे पुढे तर वाणीसुद्धा “पाचवर वहिनी आहेत का घरात?” असं बिनदिक्कत विचारू लागला. तिला त्याचा राग यायचा नाही. अर्धवट काम करणाऱ्या माणसांची मात्र तिला मनापासून कीव यायची.

घराच्या पुढच्या खोलीत तिचं शिवणयंत्र होतं. त्यावर ती गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायची. जिथे एक शिवण पुरते तिथे ती तीन घालायची. गाडी भंगारात जायची, पण हिचं कव्हर उसवायचं नाही. नवऱ्याची जीप होती, चारही चाकांनी ओढणारी. रोज सकाळी दोन शिक्षिका आणि दवाखान्यातली नर्स यांना तो डोंगरावरच्या वस्तीत सोडायचा आणि संध्याकाळी आणायचा. बराचसा रस्ता डांबरी, शेवटचा चढ तेवढा मातीचा. हौसेने त्याने तिलाही गाडी शिकवली होती. गिअरच्या दांड्याशेजारी एक बारका दांडा होता, तो पुढे टाकला की पुढची चाकंही जोर लावतात, एवढं तिला कळलं होतं. “त्याचं बाकीचं नंतर सांगतो,” असं तो म्हणाला होता. संसारातल्या इतर अनेक गोष्टींसारखं तेही नंतरवर राहिलं.

मग एके सकाळी दाढी करताना त्याच्या डाव्या हातातली वाटी खाली पडली, आणि वाटीपाठोपाठ तोही. डावी बाजू गेली. दवाखान्यातून तो घरी आला तेव्हा जीभ बरीचशी परत आली होती, पण डावा पाय उजव्याच्या मागे रेंगाळायचा. व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या बाईंनी बजावलं, “काठी द्या आणि सोडा यांना. यांचा तोल यांनाच सापडायला हवा. आत्ता नाही सापडला तर शरीर खुर्चीला सरावेल. मग त्यातून उठवणं फार अवघड जातं हो.”

तिने मान डोलावली, आणि बाईंची पाठ वळताच नवऱ्याच्या काखेत हात घालून त्याला घट्ट धरलं. हात सोडायचा म्हणजे तिच्या दृष्टीने कामचुकारपणा झाला. तशी धरूनच ती त्याला घरभर फिरवायची. तो दोनदा पडला, दोन्ही वेळा तिच्या हातात असतानाच. आपली पकड सैल पडली, असा तिने त्याचा अर्थ लावला. दुसऱ्यांदा पडल्यावर तो म्हणाला, “बास झालं आता.” तेव्हापासून न्हाणीपर्यंत जाण्यापुरता काय तो उठायचा, बाकी दिवसभर खिडकीजवळच्या खुर्चीत. तिचा जीव तीळतीळ तुटायचा. हा माणूस या खुर्चीतच म्हातारा होणार, ही भीती तिला गाडी चालवतानाही सोडत नव्हती.

हो, गाडी आता तीच चालवत होती. शिक्षिका आणि नर्स आपल्या भरवशावर आहेत, हे तिने त्याला सांगितलं, आणि पहिल्या दिवशी स्टिअरिंगवर बसताच तो बारका दांडा पुढे ढकलला. तो पुन्हा मागे घ्यायचं तिच्या मनातही आलं नाही.

काही दिवसांनी मागचे टायर संपले. टायरवाल्याने खाली वाकून त्यांच्यावर हात फिरवला.

“वहिनी, पार गोटा झालेत हे. नक्षी औषधालाही उरली नाही.”

“मग दोन नवे घाला.”

“याच्यातले आता येत नाहीत. दुसऱ्या कंपनीचे घालावे लागतील. खरं सांगू? असल्या गाडीला चारही एकसारखेच हवेत. पण पुढचे अजून चालतील, ते फेकून द्यायला तुमचा जीव होणार नाही. फोर व्हील कितपत वापरता?”

“लागेल तेवढी.”

लागेल तेवढी म्हणजे तिच्या हिशेबाने कायम. टायरवाल्याने सरळ माणसासारखा त्याचा सरळ अर्थ घेतला. “मग हरकत नाही. फक्त कोरड्या डांबरावर चुकूनसुद्धा टाकू नका, नाहीतर...” पण तोवर तिने फोन कानाला लावून नवऱ्याला गोळी घेतली का, पाणी प्यायलं का, असा तपास सुरू केला होता. टायरवाल्याचं ‘नाहीतर’ हवेतच राहिलं.

नव्या टायरांवर गाडी कुरकुरायला लागली. स्टिअरिंग जड झालं, वळणावर गाडी अडखळायची, उड्या मारायची, कुठूनतरी कण्हल्यासारखा आवाज यायचा. “तुमचे टायर गाडीला मानवत नाहीत,” असं तिने टायरवाल्याला फोनवर झाडलं. नवऱ्याला मात्र काही सांगितलं नाही. आजारी माणसाच्या डोक्याला आणखी घोर कशाला?

एक दिवस दुपारी तिने गाडी फाटकातून आत वळवून लावली आणि घरात आली, तर तो खिडकीकडे बघतच म्हणाला, “मागे नवे टाकलेस ना? दुसऱ्या कंपनीचे?”

“कुणी चुगली केली?”

“गाडीनं. रोज फाटकात वळताना रडते ती. मला तिच्यापाशी ने.”

पडल्यापासून पहिल्यांदाच त्याने बाहेर जायचं नाव काढलं होतं. तिने काठी त्याच्या हातात दिली, लगेच काखेत हात घातला आणि निघाली. अंगणात सपाट फरशी, पायरीपासून गाडीपर्यंत अंतर ते केवढं, पण तिची चाल पुढे ओढायची, त्याचा पाय मागे राहायचा, आणि दोघं मध्येच तिरकी व्हायची. गाडीपाशी पोचेपर्यंत दोघांनाही घाम फुटला. तो स्वतःच्याच गाडीत शेजारच्या सीटवर बसला. क्षणभर त्याने त्या सीटच्या कव्हरावरून हात फिरवला. मग त्याची नजर बारक्या दांड्यावर गेली.

“हा पुढे का? तू डांबरावरही असाच ठेवतेस?”

“मग? चार चाकं असताना दोनांनीच का ओढायचं?”

त्याने डोळे मिटले. त्याचं हसू अजून एकाच बाजूने वर जायचं, तसं ते गेलं. “काढ तो.”

तिने दांडा मागे ओढला. हलेना. दोन्ही हातांनी ओढला, पाय टेकवून ओढला. दांडा जाम.

“ओढू नकोस. ओढून नाही सुटायचा. गाडी थोडी मागे घे.”

तिने गाडी सुरू करून हळूच मागे घेतली. खालून खट् असा आवाज झाला, आणि तोच दांडा दोन बोटांनी निघाला. ती बघतच राहिली.

“नवा टायर जरा उंच असतो,” तो थांबत थांबत सांगू लागला. “त्याचा एक फेरा लांब पडतो. झिजलेल्याला तेवढ्याच वाटेला जास्त फिरावं लागतं. आपापल्या चालीनं गेले तर कुणाचं काही अडत नाही. हा दांडा पुढे ठेवून तू त्यांना एकमेकांना बांधून टाकलंस. चिखलात चाक घसरतं, त्यामुळे भांडण तिथल्या तिथे मिटतं. डांबरावर घसरायला जागाच नाही. मग सगळा ताण पुढच्या-मागच्या चाकांना जोडणाऱ्या मधल्या पेटीवर येतो, आणि एक दिवस पेटी फुटते.”

“आणि चारही सारखे घातले तर?”

“घालायचेच आहेत. भांडण कमी होईल. पण कोरड्यावर बांधायचं नाही ते नाहीच. वळताना पुढची चाकं लांबून जातात.”

“म्हणजे मी आपली मदत करत होते, ती...”

“भलतीच जोरात करत होतीस.”

“मग हे आधी सांगायला काय झालं होतं? नंतर सांगतो म्हणालात ते आज!”

“तू ऐकायला थांबलीस कधी?”

याला चोख उत्तर तिच्याजवळ होतं. पण ते देण्याऐवजी तिने गाडी गिअरमध्ये टाकली.

दोघांनी गाडी रस्त्याच्या टोकापर्यंत नेऊन आणली. स्टिअरिंग लोण्यासारखं फिरत होतं. फाटकात वळताना गाडीने हूं की चूं केलं नाही. इतके दिवस त्या मुक्या जिवाला आपण काय छळलं, या विचाराने तिचा चेहरा उतरला.

तिने त्याला उतरवलं, काठी हातात दिली, आणि सवयीने काखेत हात घालून चालू लागली. तिचं पाऊल पडलं, त्याचं उजवं पडलं, डावं मागे राहिलं. तो कलला. तिची बोटं आपोआप आवळली, आणि त्याचा दंड तिच्या हातात ताठ झाला. असं काहीतरी न हलणारं तिने आत्ताच, थोड्या वेळापूर्वी, दोन्ही हातांनी ओढून पाहिलं होतं.

ती थांबली. मग एक पाऊल मागे आली. दंड सैल पडला आणि तिच्या मुठीतून निघून गेला.

तिला भयंकर भीती वाटली. पुन्हा धरायला हात पुढे जाऊ नयेत म्हणून तिने ते पाठीमागे नेऊन एकमेकांत अडकवले. तो डोलला. आता पडतो, असं तिला वाटलं. त्याने काठी रोवली, उजवं पाऊल टाकलं, डावा पाय फरशीवरून अर्धगोल ओढत आणला. चाल बघवत नव्हती. पण ती त्याची होती, आणि त्याच चालीने तो सगळं अंगण ओलांडून पायरीशी गेला.

पायरीशी तो थांबला. मागे न बघताच त्याने हात मागे केला. “आता टाक.”

ती धावली. तिने हात दिला, त्याने त्यावर भार टाकला, आणि दोघं पायरी चढली. आत सपाट जमीन लागताच तो म्हणाला, “काढ.” तिने हात काढला.

तो खुर्चीपर्यंत गेला आणि बसला. कपाळावरून घाम ओघळत होता. “पंखा लाव,” तो म्हणाला. ती बटणाकडे वळली, तसं त्याने पुढे जोडलं, “दोनवर.”

तिने पंखा दोनवर लावला. मग तिथेच भिंतीला टेकून ती रडायला लागली. ते मात्र पाचवर.