मार्थाबाईंची साडेसहाची गोळी

मार्थाबाई साळवे यांची आणि माझी पहिली ओळख एका घाणेरड्या पट्टीमुळे झाली. नगर जिल्ह्यातल्या माझ्या गावाहून येऊन रबाळ्याच्या एका कारखान्यात मी कामाला लागलो, त्याला दोनच आठवडे झाले होते. पत्रा लागून तळहात कापला होता आणि मी जुन्या बनियनची चिंधी त्यावर गुंडाळली होती. आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीची उपासना रविवारी एका शाळेच्या हॉलमध्ये भरते, असे गावच्या पाळकसाहेबांनी सांगून ठेवले होते, म्हणून गेलो. उपासना संपल्यावर दाराशी घुटमळत होतो, तेव्हा एका बाईंनी माझे नावही न विचारता माझा हात धरून उलटा केला.

"ही पट्टी कोणी बांधली?"

"मीच."

"प्रार्थना केलीस?"

"केली."

"बरं केलंस. आता चल, हात धू."

नळाखाली जखम धुताना मी दात आवळून उभा होतो. बाई तेव्हा एका सरकारी रुग्णालयात परिचारिका होत्या. मंडळीतली तरुण मुले आजही त्यांना सिस्टर म्हणतात. मी आमच्याकडच्या सवयीने बाई म्हणतो.

बाईंना आता पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. या गौरवग्रंथासाठी मी त्यांच्या तरुण संघातील कार्याविषयी लिहावे, असे संपादकांनी सुचवले. पंचवीस वर्षे त्यांच्या हाताखाली वावरलो, तेव्हा सांगण्यासारखे पुष्कळ आहे. मी मात्र एकच प्रसंग नीट सांगणार आहे. त्यात चूक माझी होती, आणि ती सांगितल्याशिवाय बाई कोण आहेत हे मला सांगता येणार नाही.

आधी त्यांच्या कामाची रीत सांगायला हवी. निवृत्त झाल्यावर बाईंनी तरुण संघाची शनिवारची फेरी सुरू केली. जासई गावात आणि आसपासच्या खोल्यांत क्षयाचे जे रुग्ण सरकारी औषध घेतात, त्यांच्या घरी आमची मुले दर शनिवारी अंडी, शेंगदाणे, गूळ आणि डाळ पोचवतात. या फेरीचे नियम बाईंचे. चपला बाहेर काढायच्या. निदान दहा मिनिटे बसायचे. गाणे नाही, उपदेश नाही, फोटो नाही. औषध घेतले का, एवढे विचारायचे. जासईतल्या एका आजोबांनी पहिल्याच शनिवारी संशयाने विचारले होते, "तुमी नक्की काय वाटाया आलाव?" बाई म्हणाल्या, "अंडी. हवं तर मोजून घ्या." पुढे तेच आजोबा आम्हाला बसायला खुर्च्या देऊ लागले.

रविवारी संध्याकाळी पाच वाजता तरुणांची उपासना. तिथे बाई प्रत्येकाला एकच प्रश्न विचारतात, "काल तुला त्या घरी काय मिळालं?" काय दिले, हे विचारत नाहीत. कोणी सांगतो, ताक मिळाले. कोणी सांगतो, शिव्या मिळाल्या. त्या घरांसाठी मग प्रार्थना होते, तीही नाव न घेता, कारण आजार हा त्यांचा आहे, आपल्या प्रार्थनेचा विषय म्हणून तो चारचौघांत मांडायचा नाही. गोदामांत आणि कंटेनर यार्डांत दिवसभर राबणारी, घरापासून तुटलेली ही मुले मंडळीत टिकली ती या शनिवार-रविवारच्या जोडीमुळे, असे माझे मत आहे.

अमोल त्यांतलाच एक. तेवीस वर्षांचा, श्रीरामपूरकडचा, द्रोणागिरीच्या एका गोदामात पॅकिंगला. ढोलकी अशी वाजवायचा की म्हातारी माणसेही टाळ्यांचा ठेका चुकवत नसत. त्याच्या सदऱ्याची कॉलर सैल झालेली बाईंच्या लक्षात आली आणि त्यांनी त्याला तपासणीला नेले. क्षय निघाला. सहा महिन्यांचे औषध सुरू झाले. दोन महिन्यांत खोकला गेला, अंगावर मांस आले आणि तो पुन्हा ढोलकीवर बसला.

त्याच सुमारास संघाचा वर्धापनदिन होता. साक्षी ठरवण्याचे काम माझ्याकडे होते. देवाने आपल्या आयुष्यात काय केले ते सर्वांसमोर उभे राहून सांगणे, याला आम्ही साक्ष म्हणतो. मी अमोलला म्हणालो, "तू दे. थोडक्यात दे, पण मनापासून." त्याने मनापासूनच दिली. तो रडला, हॉल रडला, मीही रडलो. "प्रभूनं मला बरं केलं," तो म्हणाला. गोळ्यांचे नाव त्याने घेतले नाही आणि आम्हा कोणालाही ती उणीव जाणवली नाही. मी त्याची चित्रफीत काढली आणि त्याच संध्याकाळी पंधरा-वीस गटांत पाठवली. बाई त्या रविवारी भाचीच्या लग्नाला गावी गेल्या होत्या. त्या असत्या तर हे घडले नसते.

तीन आठवड्यांनंतरचा शनिवार. बाई आणि मी जासईला मंदाताईंच्या दारात होतो. मंदाताई चाळिशीच्या, दोन शाळकरी मुलींच्या आई, औषधाचा चौथा महिना. त्यांनी अंड्यांचा ट्रे घेतला आणि म्हणाल्या, "सिस्टर, गोल्यांचं इचारू नका. सोरल्या मी. आठ दिस झालं."

बाई ओट्यावर बसल्या. "का सोडल्या?"

"तुमचा पोर नाय का बरा झाला गोल्या सोरून? शेजारनीच्या फोनमधी बगितला मी, रडत व्हता. मागल्या शनवारी आला, तवा मीच इचारला त्याला. बोलला, हा, सोरल्या." मग त्यांनी बाईंकडे सरळ पाहिले. "त्याचा देव हाय, मंग माजा देव नाय का?"

बाईंचा चेहरा उतरला. नर्स म्हणून त्यांना जे कळत होते ते मला त्यांनी नंतर वाटेत सांगितले. हे औषध मध्येच तोडले की रोग परत येतो, आणि कधी कधी असा येतो की त्याच गोळ्या मग लागू पडत नाहीत.

"मंदाताई, तो चुकला आहे," बाई म्हणाल्या.

"त्या पोराला आना हितं. तो माज्यासमोर गोली घेल, तवा मी घेन."

आम्ही तसेच रिक्षाने द्रोणागिरीला गेलो. खोलीवर त्याचा सोबती भेटला. "तो ड्युटीला गेला," तो म्हणाला. "खोकतोय चार दिवस, पन सुट्टी नाय घेत. बोलतो, मला काय झालंच नाय."

गोदामाच्या गेटवर पहारेकऱ्याने आत सोडले नाही. पाळी सुटायला दीड तास होता. ट्रेलर एकामागून एक जात होते, धूळ तोंडावर येत होती आणि सत्तरी ओलांडलेल्या बाई एका दगडावर बसून राहिल्या होत्या, त्यांच्यावर उन्हासाठी छत्री धरून मी उभा होतो. मला राहवले नाही. म्हणालो, "बाई, साक्ष मी ठरवली. फीत मी पाठवली. हे माझ्यामुळे झालं."

"ते मला ठाऊक आहे," बाई म्हणाल्या. "आता छत्री नीट धर."

अमोल बाहेर आला तो आम्हाला पाहून थबकला. बाईंनी पिशवीतून मास्क काढला. "आधी हा लाव. मग बोलू."

"सिस्टर, मी बरा आहे."

"खोकून दाखव म्हणत नाही मी. लाव."

त्याने लावला. मग मान खाली घालून बोलला, "मी सगळ्यांसमोर बोललोय. लोकं मला रस्त्यात थांबवून हात मिळवतात. आईनं गावात सगळ्यांना सांगितलं. आता परत गोळी खाल्ली तर काय राहिलं? मी खोटा ठरलो तर चालेल. देव खोटा ठरेल ना."

"देवाची अब्रू तू नको सांभाळू. तुझी छाती सांभाळ."

"तुमचा विश्वास आहे ना, सिस्टर?"

"आहे."

"मग?"

बाईंनी त्याला मंदाताईंचे सांगितले. आठ दिवस, दोन मुली, सगळे. तो गेटच्या गजाला धरून उभा राहिला. "मी त्यांना सोडा म्हटलं नव्हतं," एवढेच पुटपुटला. "उद्या उपासनेला येतो. पण गोळीचं नका बोलू." आणि तो चालू लागला. मी हाक मारणार होतो, बाईंनी माझा दंड धरला.

दुसऱ्या दिवशी अमोल आला. मास्क लावून शेवटच्या खिडकीपाशी बसला. ढोलकी दुसऱ्यानेच घेतली. साक्षीची वेळ आली तेव्हा बाई उठल्या. त्या अमोलचे नाव घेणार किंवा माझे, असे मला वाटले, आणि घेतले असते तर ते योग्यच होते.

त्यांनी पर्समधून गोळ्यांची पट्टी काढली आणि वेदीजवळच्या टेबलावर ठेवली.

"मला एक साक्ष द्यायची आहे," त्या म्हणाल्या. "अकरा वर्षं मी रक्तदाबाची गोळी घेते. संध्याकाळी साडेसहाला. रविवारी ती वेळ उपासनेत येते. मग मी काय करते? हळूच उठते, मागच्या मोरीपाशी जाते आणि तुमच्याकडे पाठ करून गोळी गिळते. तुम्हाला वाटत असेल, सिस्टर पाणी प्यायला गेल्या. मला वाटायचं, मी इतरांसाठी प्रार्थना करते, माझ्याच हातात गोळी दिसली तर पोरं काय म्हणतील. मी लपवलं. या हॉलमध्ये गोळीची लाज कोणी आणली असेल तर ती मी. ज्यानं कोणी ती शिकली, माझ्याकडून शिकली."

घड्याळात सहा वाजून अठ्ठावीस मिनिटे झाली होती. बाई बोलत राहिल्या. "आपण ताटावर बसलो की आभार मानतो. आभार मानून झाले म्हणून कोणी ताट सारतं का? मानतो आणि जेवतो. हेही तसंच." त्यांनी डोळे मिटून दोन वाक्यांची प्रार्थना केली, गोळी तोंडात टाकली आणि सर्वांसमोर पाणी प्यायल्या.

माझ्या खिशात मधुमेहाच्या गोळ्या होत्या. वर्षभर मीही त्या बायकोशिवाय कोणाला दाखवल्या नव्हत्या. मी उठलो, टेबलापाशी गेलो आणि त्याच पेल्यात पाणी घेतले. परत वळून पाहिले तर खिडकीपाशीची खुर्ची रिकामी होती.

गेला, असे मला वाटले. बाईंनाही वाटले असावे, कारण त्यांचा हात टेबलाच्या कडेवर घट्ट बसला होता. आमच्या इथल्या पाळकसाहेबांनी शेवटचे गीत सांगितले. त्याचे तिसरे कडवे चालू असताना अमोल दारात दिसला. डोळे धुतलेले, मास्क ओला. तो आत आला नाही. बाई बाहेर गेल्या, त्यांच्यामागे मी.

"सिस्टर, माझ्याकडं गोळ्या नाहीत," तो म्हणाला. "साक्ष दिली त्या रात्री कचऱ्यात टाकल्या."

"दवाखान्यात मिळतील. उद्या सकाळी आठला."

"डॉक्टर ओरडतील."

"ओरडू देत. मी शेजारी उभी असेन, निम्मं मला ऐकवतील."

डॉक्टर खरोखर ओरडले, आणि निम्मे बाईंनाच. थुंकीचा नमुना घेतला, औषध पुन्हा सुरू केले. ते लागू पडेल की नाही हे अहवाल आल्यावर कळणार होते. तिथून बाई त्याला थेट जासईला घेऊन गेल्या. मंदाताईंच्या ओट्याखाली, अंगणात, चार हात अंतर ठेवून अमोलने गोळ्या घेतल्या. मंदाताई टक लावून पाहत होत्या. "तोंड उघर," त्या म्हणाल्या. त्याने मास्क बाजूला करून तोंड उघडून दाखवले. मग त्या आत गेल्या आणि आपल्या गोळ्यांचे पाकीट घेऊन आल्या आणि त्याच्यासमोर गोळ्या घेतल्या.

अहवाल यायला पाच दिवस लागले. त्या दिवसांत बाईंनी मला एकच काम दिले होते. ती फीत जिथे जिथे पाठवली, तिथे तिथे मी स्वतः लिहायचे, की ही साक्ष अपुरी आहे, अमोलचे औषध चालू आहे आणि ही चूक माझी आहे. एकेक संदेश लिहिताना बोट अडखळत होते. काहींनी मला अविश्वासू ठरवले. बाईंना सांगितले तर म्हणाल्या, "आता तुला कळलं, त्या पोराला काय जड जात होतं."

पाचव्या दिवशी दुपारी मी कारखान्याच्या स्टोअरमध्ये माल उतरवून घेत होतो, तेव्हा बाईंचा फोन आला. "जुनंच औषध चालेल," त्या म्हणाल्या, आणि मग फोनवरच रडू लागल्या. पंचवीस वर्षांत बाईंना रडताना मी तेवढेच ऐकले.

औषध पहिल्या दिवसापासून मोजायचे ठरले. पुढचे काही महिने अमोल रोज कामावर जाण्याआधी मंदाताईंच्या अंगणात उभा राहायचा. दोघेही एकमेकांची तोंडे तपासायचे. दोघेही बरे झाले. अमोलने नंतर पुन्हा साक्ष दिली, तीही बाईंनी आग्रह न करता. ती अगदी लहान होती. प्रभूने आणि गोळ्यांनी, असे तो म्हणाला नाही. तो म्हणाला, "प्रभूनं मला गोळ्या दिल्या, आणि त्या घेतो का ते बघायला मंदाताई दिल्या."

तेव्हापासून आमच्या रविवारच्या उपासनेत साडेसहाला सगळे थांबते. बाई गोळी घेतात, ज्याचे औषध असेल तो घेतो आणि मग आम्ही पुढे गातो. नवीन मुले पहिल्यांदा गोंधळतात, दुसऱ्या रविवारी आपापल्या पर्समधून, खिशातून काहीतरी काढतात. बाईंनी या मुलांना विश्वास शिकवला असे सर्वजण लिहितील. मी पाहिले ते असे, की त्यांनी विश्वासातला खोटेपणा आधी स्वतःच्या पर्समधून बाहेर काढला आणि मग आम्हाला काही शिकवले.

सत्काराचा कार्यक्रम संध्याकाळी आहे. माझी संयोजकांना विनंती आहे, की साडेसहा वाजता कोणाचेही भाषण चालू असो, ते थांबवावे. ढोलकीवर अमोल असेल. मंदाताई दोन्ही मुलींना घेऊन पहिल्या रांगेत बसणार आहेत आणि त्यांची नजर घड्याळावर असणार आहे. परमेश्वराने बाईंना धडधाकट ठेवावे आणि अशा आणखी पुष्कळ संध्याकाळी द्याव्यात, एवढेच मागणे. सत्काराच्या दिवशी पाण्याचा पेला मी आणीन.