अक्षर कमी, बोर्ड चांगला

सुखदेवभाऊ पाटी रंगवण्याआधी गिऱ्हाइकाची अक्षरं कापायचे. ‘न्यू भारत सायकल स्टोअर्स’ लिहून आणणाऱ्याला त्यांनी विचारलं होतं, “जुना भारत कुठी हाय तुमचा?” न्यू गेलं. “अक्षर कमी, तं बोर्ड चांगला,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. राजुऱ्यातल्या बुद्धविहाराचा निळा फलकही त्यांच्याच हातचा.

पन्नाशीत त्यांच्या नसा मरू लागल्या. आधी ब्रश सुटला, मग बोलणं. मी फिजिओथेरपिस्ट, आठवड्याला एकदा चंद्रपूरहून जायची. डोळे वर केले की ‘हो’, मिटले की ‘नको’, असं आम्ही ठरवलं होतं. पुढे पापण्या आपोआपच मिटू लागल्या. नकार कोणता आणि थकवा कोणता, कळेना.

तेव्हा मुंबईच्या एका कॉलेजातला तरुण, घरी हिंदी बोलणारा इंजिनिअर तारांची टोपी घेऊन आला. पडद्यावर अक्षरं लुकलुकायची. हवं ते लुकलुकलं की मेंदूतली हालचाल टोपी पकडायची. एका अक्षराला दहा मिनिटं. भाऊंनी पहिला शब्द लिहिला, ‘खाज’.

“एवढी मोठी मशीन, अन् खाज?” म्हणत त्यांच्या बायकोने, शेवंताबाईंनी, पाठ खाजवली.

मग श्वास कमी पडू लागला. गळ्याला भोक पाडून नळी टाकायची का, हे इंजिनिअरने पडद्यावर विचारलं. त्या दिवशी मी नव्हते. अर्ध्या तासात उत्तर आलं: न, काना, ई. त्याने भाऊंची वाढलेली दाढी पाहिली आणि शेवंताबाईंना सांगितलं, न्हावी बोलवा म्हणतात, नळीचं नंतर विचारू. न्हावी आला. दुसऱ्या दिवशी श्वास अडकला. नकार आलेला नाही, असं समजून भाऊंना नागपूरला नेलं आणि नळी टाकली.

पुढच्या आठवड्यात मी इंजिनिअरची वही पाहिली. ‘नाई. गरज पूर्ण.’ आधीचा प्रश्न काय होता, ते त्याला विचारलं. मग सांगितलं, की इकडे ‘नाही’ला ‘नाई’ म्हणतात.

शेवंताबाई तिथेच होत्या. “त्यायनं नाई म्हटलं, अन् मी दाढी करवली.”

भाऊ नळीवर सात महिने जगले. इंजिनिअरने पडद्यावर ‘नाई’चा वेगळा चौकोन करून आणला. टोपी दिसताच भाऊंनी डोळे मिटले.

“थकले असतील,” तो म्हणाला.

थकले नव्हते. मी टोपी खोक्यात ठेवली.