गोड विहिरीची बाटली

नागपुरातल्या हुडकेश्वरहून आम्ही सकाळी सहालाच निघालो. वैशाखात नागपुरातून उन्हं चढल्यावर निघणाऱ्याला लोक शहाणा म्हणत नाहीत. कन्हान नदीच्या खोऱ्यातल्या विहिरींचं आणि बोअरचं पाणी पिकांना मानवणारं आहे की नाही, हे तपासायचं काम आमच्या प्रयोगशाळेकडे आलं होतं. वीस वर्षं मी लोकांनी आणून दिलेल्या बाटल्या पंख्याखाली बसून तपासल्या. विहिरीवर स्वतः जायची ही पहिलीच वेळ, आणि खरं सांगते, मला सहलीला निघाल्यासारखं वाटत होतं.

गाडीत बर्फाची पेटी, रिकाम्या बाटल्या, क्षार मोजायचं मीटर आणि उपकरणं विसळायला डिस्टिल्ड वॉटरचा कॅन होता. गाडी चालवायला दशरथ होता, तोंडाने अखंड सुरू असलेला माणूस. कन्हानच्या पुलाअलीकडे त्याने टपरीवर गाडी थांबवली. तर्रीपोहे असे झणझणीत, की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. मी हात धुऊन येते तोवर दशरथ बॉनेट उघडून उभा, आणि माझा कॅन रिकामा!

"गाडी गरम होऊन राहिली होती, मॅडम. तुमचं पानी टाकलं रेडिएटरमध्ये. एकदम साफ होतं जी."

"अरे, विसळायला ठेवलं होतं ते!"

"मंग विसळलं ना गाडीचं पोट," तो म्हणाला. यावर काय बोलणार, कपाळ!

पूल ओलांडला. खाली नदी वाळूत अंग चोरून पडली होती. कोळशाच्या ट्रकांची धूळ मागे पडली तशी भाताची मोकळी खाचरं लागली, आणि लांबवर रामटेकचा गड दिसू लागला. तीन गावं झाली. प्रत्येक ठिकाणी बोअर दहा मिनिटं चालू ठेवायचा, त्याच पाण्याने बाटली तीनदा खंगाळायची, मग काठोकाठ भरायची. शिकवलेलं सगळं मी अगदी गुणी मुलीसारखं करत होते.

चौथ्या गावात दुपार झाली. गिरजाबाईंचं वावर (शेत) रस्त्याला लागूनच होतं. साठीच्या, सडपातळ, नऊवारीचा पदर कमरेला खोचलेल्या. बोअर सुरू करून त्या माझ्याकडे टक लावून बघत राहिल्या.

"माय वं! तुम्हीच ना त्या नागपूरच्या लॅबवाल्या मॅडम? मी आली होती तुमच्याकडे. पाच वर्षं झाले."

मला काही आठवेना. मी नुसती हसले.

"तुमच्या कागदाच्या भरोशावर तं बगिचा लावला," असं म्हणत त्या मला धुऱ्यावर (बांधावर) घेऊन गेल्या.

संत्र्याचा बगिचा होता तो. होता असंच म्हणावं लागेल. पानांच्या कडा भाजल्यासारख्या, शेंडे उघडे पडलेले, बुंध्याभोवतीच्या काळ्या मातीवर पांढरा पापुद्रा. बरीच झाडं नुसत्या काटक्या. पहिला बहार यायच्या वयात झाडं मरत होती.

"सगळं केलं वं बाई. खत टाकलं, औषध मारलं, नवस बोलली. माहा हातच वाईट हाय. लोकं आता मले कोनाच्या वावरात रोप लावाले बलावत नाईत."

मी बोअरच्या पाण्यात मीटर बुडवलं. आकडा चढत गेला, थांबेचना. असल्या खाऱ्या पाण्यावर संत्रा जगणं शक्यच नव्हतं. गिरजाबाईंनी घरातून प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला रिपोर्ट आणला. देवाजवळ ठेवत असाव्यात, कारण त्याला कुंकू लागलं होतं. 'सिंचनास योग्य.' खाली माझी सही. त्यावरचा आकडा मीटरवरच्या आकड्याच्या पाव हिश्शाएवढाही नव्हता.

"बाई, ती बाटली याच बोअरची होती ना?"

"ह्या बोअरची?" त्या चकित झाल्या. "छे वं! ती मंदिराजवळच्या गोड इहिरीची. बाटली राखेनं घासली, नव्या लुगड्याच्या पदरानं पानी गाळून भरलं. लॅबमंधी पिऊन पाहतेत, असं समजली मी. लोकाच्या दारी खारं पानी घेऊन जाते का कोनी?"

तेव्हा कुठे मला आठवलं. काउंटरवरची ती लख्ख बाटली. "किती स्वच्छ आणलीत हो," असं कौतुकही केलं होतं मी. नाव लिहिलं, गाव लिहिलं, पीक लिहिलं. पाणी कुठलं, एवढा एक प्रश्न विचारला नाही. जेवणाची सुट्टी व्हायची होती, दुसरं काही कारण नव्हतं. माझी मलाच इतकी लाज वाटली, की मान वर करवेना.

सांगावं की नाही? न सांगावं तर त्या जन्मभर हाताला दोष देणार. सांगावं तर आपण भरून नेलेल्या बाटलीला देणार. शेवटी सांगितलं. तुमचा हात चांगला आहे, पाणी खारं आहे, आणि हा कागद त्या गोड विहिरीचा आहे.

त्या झाडांकडे वळल्या. "म्हंजे मीच चुकीचं पानी नेलं."

"नाही बाई. मी विचारलं नाही. विचारायचं काम माझं होतं."

"मंग काहून नाई विचारलं वं?"

रागाने नाही, खरंच जाणून घ्यायचं म्हणून विचारलं त्यांनी. या पाण्यावर कापूस तग धरेल, जिप्समने माती थोडी सुधारेल, असं काहीबाही बोलत राहिले. त्या हं हं करत होत्या.

तरीही जेवल्याशिवाय सोडलं नाही. भाकरी, भेदराची (टोमॅटोची) चटणी, वर सांभार (कोथिंबीर). निघताना दशरथने रिकामा केलेला कॅन त्यांनी मागून घेतला आणि मंदिराकडून भरून आणला. "लांब जाचं हाय तुम्हाले. गोड हाय, प्या."

परतीच्या वाटेवर मी तो कॅन पायाशी धरून बसले.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत मी आधी बोअरची बाटली तपासली. मग कॅनमधलं पाणी घेतलं. कोणी सांगितलं नव्हतं, तरी घेतलं. एकेक आकडा जुन्या रिपोर्टच्या आमच्याकडच्या प्रतीशेजारी लिहीत गेले. जवळजवळ सगळे जुळले. पाच वर्षांपूर्वीच्या माझ्या तपासणीत एकही चूक नव्हती.

उरलेलं पाणी पेल्यात ओतून मी प्यायले. गोड होतं.