जपानकाकूंनी कापलेली कॅमेलिया

जपानकाकू फूल हातात घेण्याआधी त्याचा अर्थ सांगायच्या आणि आणणाऱ्याचं तोंड पडलं की मगच थँक्यू म्हणायच्या. नवऱ्याच्या नोकरीपायी अकरा वर्षं ओसाकात काढली आणि तिथला सगळा शहाणपणा उचलून इथे टेक्ससमध्ये, आमच्या प्लेनोत आणला. मला ही बाई कधीच आवडली नाही. आजही आवडत नाही, उगाच गोड कशाला बोलू?

एका नव्या जोडप्यानं त्यांच्या वाढदिवसाला कौतुकानं निळ्या हायड्रेंजियाचा गुच्छ आणला. काकू म्हणाल्या, "जपानात हे फूल म्हणजे पालटणारं मन. तुमच्यात कोणाचं पालटतंय?" ती मुलगी रडकुंडीला आली. हळदीकुंकवाला आम्ही हौसेनं पांढऱ्या शेवंतीच्या वेण्या माळल्या, तर भर हॉलमध्ये, "अगं बायांनो, ही तिकडे मयताला वाहतात!" मी म्हटलं, "काकू, आपल्यात गौरीला वाहतात." "वाहा की. मला माहीत होतं ते सांगितलं." असं बोलायचं आणि वर तिळाचे दोन लाडू जास्त खायचे!

आणि नेमकी हीच बाई माझ्या नशिबी आली. माझ्या नवऱ्याला, सुहासला, कॅन्सर झाला. इन्शुरन्स माझ्या नोकरीवर, व्हिसाही तिच्यावरच, त्यामुळे शेजारच्या फ्रिस्को गावातलं ऑफिस सोडता येईना. अडला हरी, दुसरं काय! मंगळवारी आणि गुरुवारी काकू त्याच्याजवळ बसायला लागल्या. पहिल्याच दिवशी त्याच्या उशाशी मी ठेवलेलं कुंडीतलं ऑर्किड त्यांनी उचलून किचनमध्ये नेलं. "आजाऱ्याजवळ कुंडी ठेवू नये. झाड मूळ धरतं, तसा आजारही धरतो."

त्याच्या खिडकीबाहेर लाल कॅमेलिया होती. इथल्या चिकट मातीत मी ते झाड तीन वर्षं लेकरासारखं जपलं होतं. जानेवारीत ते फुललं, तेव्हा मी सुहासचा पलंग मुद्दाम खिडकीकडे वळवला. काकूंनी पाहताक्षणी नाक मुरडलं. "या फुलाच्या पाकळ्या झडत नाहीत, अख्खं फूलच मान टाकतं. जपानात हे आजाऱ्याला दाखवत नाहीत."

"काकू, हे टेक्सस आहे," मी म्हटलं आणि विषय संपवला.

पुढच्या गुरुवारी घरी आले तर खिडकीबाहेर नुसता बुंधा. गराजमधली करवत घेऊन सत्तरीच्या बाईनं झाड जमिनीलगत कापलं होतं! माझं डोकंच फिरलं. ड्राइव्हवेवर उभं राहून मी त्यांना नको नको ते बोलले. भवानी म्हटलं, अवदसा म्हटलं. त्यांनी करवत गराजमध्ये परत ठेवली. गाडीत बसल्या आणि गेल्या.

आत जाऊन सुहासला म्हटलं, "आजपासून ती बाई या घरात नको."

त्यानं खिडकीबाहेरच्या बुंध्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "मीच सांगितलं त्यांना. रोज एखादं फूल पडायचं ना, भीती वाटायची यार. तू एवढं जपलेलं झाड, तुला कसं सांगू?"

मला सांगितलं असतं तर मीच कापलं नसतं का? दातांनी कापलं असतं! काकूंची मी माफी मागितली नाही. मंगळवारी त्या आपणहून आल्या आणि मी मुकाट्यानं दार उघडलं. मार्चमध्ये सुहास गेला.

गेल्या वर्षी काकू कायमच्या मुलाकडे सिॲटलला निघाल्या, तेव्हा निरोप घ्यायला आल्या. मी चहा केला. न राहवून विचारलं, "अजून काय काय बोलायचा तो तुमच्याशी?"

"पुष्कळ." त्यांनी कप खाली ठेवला. "पण तुला सांगू नका म्हणाला होता."

मी हात जोडले, रडले, त्यांचा दंड धरला. बाई बधली नाही. माझा हात सोडवून घेतला आणि गाडीत जाऊन बसली. माझ्या नवऱ्याचं शेवटचं बोलणं त्या बाईजवळ आहे, माझ्याजवळ नाही. मी तिला कधीही माफ करणार नाही.