आवक क्रमांक सत्तेचाळीस

आमच्या घरात इंग्रजी उत्तम येणारी एकच व्यक्ती आहे, आणि तिला इंग्रजी शिकवायची जबाबदारी मी घेतली.

ही व्यक्ती म्हणजे माझी मुलगी सायली. तिला कॅनडाला जायचं होतं आणि अर्जासाठी इंग्रजीची परीक्षा द्यायची होती. ऐकणं, बोलणं, वाचणं सगळं पहिल्या फटक्यात पार! लेखनात मात्र सात गुण हवे होते आणि ती दोनदा साडेसहावर अडकली. त्यात तिसावा वाढदिवस दीड महिन्यावर आलेला. तो उलटला की अर्जातले वयाचे गुण कमी होणार, म्हणजे हा शेवटचाच प्रयत्न. घरात आम्ही कुकरच्या शिट्ट्यासुद्धा दबकत काढत होतो.

तिची अडचण अस्सल पुणेरी होती. वरच्या शेजाऱ्याच्या गोंगाटाबद्दल त्याला दीडशे शब्दांचं पत्र लिहा, असा सरावाचा प्रश्न. हिने इंग्रजीत लिहिलं : 'खालच्या मजल्यावर माणसं राहतात. नोंद घ्यावी.' संपलं पत्र! (खरं सांगायचं तर मला त्यात काहीच उणं दिसेना. वारज्यातल्या आमच्या सोसायटीत मी सेक्रेटरी या नात्यानं लावलेल्या पाट्या याहून आटोपशीर आहेत.)

पण मी चौतीस वर्षं सरकारी कचेरीत मसुदे लिहिलेला हेडक्लार्क. एका ओळीचं पानभर करणं हीच माझी नोकरी होती. मी तिला विषय, संदर्भ, 'उपरोक्त विषयास अनुसरून' वगैरे पाया पक्का करून दिला. मैत्रिणीला घरी बोलावण्याच्या पत्राचा नमुनाही स्वतः लिहिला. त्याचा शेवट असा होता : 'आपले उत्तर सात दिवसांत न आल्यास आपणांस यावयाचे नाही असे गृहीत धरण्यात येईल.'

"बाबा, हे निमंत्रण आहे की नोटीस?" सायलीनं विचारलं.

"निमंत्रणच आहे. फक्त पुरावा ठेवलेलं."

तिनं कागदाची घडी करून तो वहीत ठेवला. मी ही संमती समजलो आणि जोर वाढवला. फ्रिजवर, आरशावर, संडासाच्या दारावर 'तथापि', 'परिणामी' आणि 'सबब' यांची इंग्रजी भावंडं चिकटवली. दर अर्ध्या तासानं तिचं दार ठोठावून 'किती शब्द झाले?' असं विचारू लागलो. शेवटी मीच तिला युक्ती सुचवली, की काल्पनिक दुःखावर शब्द फुटत नाहीत, तेव्हा खऱ्या त्रासाबद्दल लिही. तिनं मला एकदा नखशिखांत न्याहाळलं आणि ती खोलीत गेली.

आता आमच्याकडे प्रिंटर एकच, आणि तो माझ्या टेबलावर. त्याच टेबलावर सोसायटीचं टपाल. समोर कागद दिसला की त्यावर 'प्राप्त' असा शिक्का मारून आवक क्रमांक टाकायचा, ही माझी जुनी सवय. (आधी वाचायचा, ही सवय कचेरीत कोणालाच नव्हती.) एका शनिवारी प्रिंटरवर इंग्रजीत टाइप केलेलं, बिनसहीचं पत्र पडलेलं दिसलं. मी शिक्का मारला, सत्तेचाळीस क्रमांक दिला आणि फाइलला लावलं.

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये समितीची सभा भरली. अध्यक्षा रानडेबाई, शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवलेल्या. मी खड्या आवाजात सत्तेचाळीस क्रमांक वाचायला घेतला. दुसऱ्या मजल्यावरचे अमरावतीचे वानखेडे म्हणाले, "मराठीत सांगा नं काका, समजून नाही राहिलं." मग मी वाक्यागणिक भाषांतर करू लागलो.

'आमच्या इमारतीतील एका गृहस्थांचा त्रास असह्य झाला आहे.' सगळे सरसावून बसले. मलाही मजा वाटू लागली. 'ते दिसेल त्या भिंतीवर सूचना लावतात.' कोण बरं हा, असं मी स्वतः विचारलं. सगळे माझ्याकडे बघत होते. 'ते दर अर्ध्या तासाला दार वाजवून शब्द मोजायला सांगतात.'

इथे मी कागद खाली घेतला. वानखेडे म्हणाले, "वाचा नं काका, रंगात आलंय."

पुढचं रानडेबाईंनी माझ्या हातून घेऊन वाचलं. शेवटी लिहिलं होतं, की या गृहस्थांना परीक्षेपर्यंत माझ्या खोलीपासून दूर ठेवावं. नंतर मात्र तिकडे गेल्यावर मला सगळ्यात जास्त आठवण त्यांचीच येणार आहे. मी चष्मा पुसायला घेतला. माझं पोरीवर किती प्रेम आहे हे मला माहीत होतं. तिला ते त्या पाट्यांमधूनही दिसलं होतं, हे मात्र तेव्हाच कळलं.

बाईंनी फक्त एवढंच म्हटलं, "भाषा स्वच्छ आहे. उद्यापासून तिला पाच वाजता माझ्याकडे पाठवा. तुम्ही येऊ नका."

मी परीक्षेपर्यंत लेखन या विषयापासून दूर राहावं, असा ठराव एकमतानं मंजूर झाला. अनुमोदन माझ्या बायकोनं दिलं. ती समितीची सदस्यसुद्धा नाही!

परीक्षेत नेमका प्रश्न आला : तुमच्या इमारतीतल्या त्रासाबद्दल व्यवस्थापकांना पत्र लिहा. सायलीनं सत्तेचाळीस क्रमांकच पुन्हा लिहून काढला. लेखनात साडेसात!

चौतीस वर्षांत माझा एकही मसुदा साहेबांनी खाडाखोड केल्याशिवाय पुढे पाठवला नाही. माझ्याविरुद्धची तक्रार मात्र थेट कॅनडापर्यंत मंजूर झाली.