एक्केचाळीस ते अठ्ठेचाळीस

रविवार, होळीच्या आधीचा. ठिकाण धुळे, गिटारवाल्याचा गादी-कारखाना. हजर: कीबोर्डवर मी, जळगावहून एसटीने आलेली; ड्रमर, भुसावळच्या रेल्वेतला; बास वाजवणारे नाना, यावलचे केळीबागायतदार; आणि गिटारवाला. चौघंही हजर, असं बऱ्याच वर्षांनी घडलं.

काम एकच, माझी बावीस मिनिटांची रचना रेकॉर्ड करणं. ड्रमरची बदली झाली होती, गुरुवारी तो नागपूरला निघणार होता. साडेसात मात्रांची ती चाल नव्या माणसाला शिकवण्याची ताकद माझ्यात उरली नव्हती. गाद्या भिंतींना उभ्या केल्या की तिथे आवाज घुमत नाही, म्हणून कारखाना.

प्रोग्रेसिव्ह रॉक खानदेशात कुणी मागत नाही. पोट लग्नातल्या हळदीच्या ऑर्केस्ट्रावर चालतं. कीबोर्डच्या मेमरीत कुठल्या नंबरला कुठला आवाज, याची मी वही ठेवते.

पहिल्या भागात नुसता पियानो. तो नीट झाला. दुसऱ्यासाठी एक्केचाळीस नंबर लावला, तर ऑर्गनऐवजी सनई वाजली. बेचाळीसला तुतारी. सगळे थांबले. वही उघडली. एक्केचाळीस ते अठ्ठेचाळीससमोर माझंच अक्षर: 'वापरात नाही. लग्नसराईला घ्यावे.' दोन वर्षं न लागलेलं काढून टाकायचं, हा माझा स्वयंपाकघरातल्या डब्यांपासूनचा नियम. महिनोन्महिने घडवलेले आठ आवाज मी त्याच नियमाने पुसून तिथे लग्नातले भरले होते, आणि विसरलेही होते.

ड्रमरने काठ्या मांडीवर ठेवल्या. "अक्का, बठ्ठं पुसाई गयं का?"

"बठ्ठं. आठही."

नाना म्हणाले, सनई वाजलीच आहे तर अक्षता तरी वाटा. कुणी फारसं हसलं नाही. मी वायरी गुंडाळायला लागले.

"र्‍हाऊ द्या," ड्रमर म्हणाला. "तुम्ही तोंडघाई म्हना, मी वाजाडस. तुमनं मांगून भरा."

मग मी ऑर्गनचे सूर तोंडाने म्हणत राहिले आणि त्या तिघांनी आपापला भाग वाजवला; माझा मागाहून भरायचा ठरलं. तिसऱ्या खेपेला पूर्ण बावीस मिनिटं जमली. ड्रमर गुरुवारी गेला. पोचल्यावर त्याने फोन करून एवढंच विचारलं, भरलं का.

वहीत त्या दिवसाच्या पानावर चार कामं आहेत. ड्रम, बास, गिटार यांच्यापुढे खुणा झाल्या. चौथं, 'ऑर्गन पुन्हा बांधणे, माझा भाग भरणे', तसंच आहे. एक्केचाळीसला अजून सनईच आहे. परवा धरणगावला हळद आहे, तिथे सनई लागेल.