लाल काठाचा पंचा

भाचीचा फोन आला तेव्हा मी अ‍ॅशबर्नला आमच्या घरी तळ्यावरून आणलेले वाळूभरले टॉवेल मशीनमध्ये टाकत होते. "मावशी, बाबा इज गॉन," ती म्हणाली. मी म्हटलं, "गॉन कुठे? भाजी आणायला?" आणि वाट पाहत राहिले... कारण श्रीकांत भावोजी, म्हणजे माझ्या ताईचे यजमान, मुलीला पढवून असले फोन करायला लावत आणि मागे उभे राहून स्वतःच खिदळत. त्या दिवशी मागे कुणी खिदळलं नाही. तिकडे एडिसन गावातल्या त्यांच्या घरी, गराजमध्ये, ट्रिपचा बर्फ ठेवायचा कूलर धुता धुता ते कोसळले होते.

अहो, त्याच वीकेंडला हा माणूस तळं पोहून आला होता! दर ऑगस्टअखेर आमची दोन्ही कुटुंबं पोकोनोजच्या डोंगरात तळ्याकाठची एक केबिन भाड्याने घ्यायची. बार्बेक्यू करणारी माणसं वेगळी. आम्हाला पिठलं लागतं. लसणीची फोडणी पडली की केबिनचा स्मोक अलार्म गळा काढायचा आणि मग व्हायची भावोजींची एंट्री! ओली चड्डी, वर उघडेबंब, हातात लाल काठाचा पंचा. खुर्चीवर चढून अलार्मखाली पंचा फिरवत गर्जना, "घर जळत नाहीये, पिठलं होतंय!" मुलगी किंचाळायची, "बाबा, शर्ट! प्लीज!" यंदा तर शेजारच्या केबिनमधले अमेरिकन आजोबा पाण्याची बादली घेऊन धावत आले. भावोजींनी बादली काढून घेतली आणि पिठलं-भाताची प्लेट हातात दिली. आजोबांनी पुन्हा मागून घेतलं. भावोजी परत खुर्चीवर.

"अहो, उतरा आता, पडाल," ताई म्हणाली.

"मेहुणी आहे की झेलायला!"

"मी नाही हं," मी म्हटलं. "मी आधी पिठलं वाचवणार."

एडिसनला तेरावं झालं तरी ताई सोफ्यावर तशीच बसून होती. रडली नाही, धड जेवली नाही. समोर धरला तर चहाचा घोट, बस. मला आता तिचीच भीती वाटायला लागली होती... मी माझ्या घरी परतायच्या आदल्या दिवशी काही सुचेना म्हणून मी पिठलं टाकलं. तेल जास्त तापलं, अलार्म बोंबलला, आणि आम्ही सगळे सवयीने गराजच्या दाराकडे बघत राहिलो.

ताई उठली. खुंटीवरचा पंचा काढला, खुर्ची ओढली आणि वर चढली. "पिठलं होतंय..." ती हळूच म्हणाली. अलार्म थांबला, पण तिचा हात थांबेना. पंचा फिरवत फिरवत ती रडायला लागली, मोठ्याने, पहिल्यांदाच. तिकडे गॅसवर पिठलं करपत होतं. करपू दे. मी दोन्ही हातांनी खुर्ची धरून उभी होते.